वेर्दिक्क्यो आणि मार्केचं ताट: व्हिनेगर, रानबडीशेप आणि सुक्या मासळीला पुरून उरणारी पांढरी वाइन

अँकोनाकर (धागाकर्ती)

इटालियन पांढऱ्या वाइनची चर्चा इथे अधूनमधून होते, पण गाडी बहुतेक वेळा पिनो ग्रिजो नाहीतर प्रोसेक्कोवर येऊन थांबते. म्हणून हा धागा खास वेर्दिक्क्योसाठी.

नोकरीमुळे मी मार्के प्रांतात, अँकोनाला राहते. इथे घरोघरी जेवणाला हीच वाइन असते. तिच्याबरोबर पानात काय काय येतं ते पाहिलं की वाइन आणि जेवणाच्या जोड्यांचे छापील नियम बाजूला ठेवावेसे वाटतात. व्हिनेगर, रानबडीशेप, सढळ हाताने घातलेलं ऑलिव्हचं तेल, वाळवलेला मासा, तळण. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट वाइनची चव बिघडवते म्हणून बदनाम आहे. वेर्दिक्क्यो या सगळ्यांना पुरून उरते.

आधी थोडा भूगोल. मार्के इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. एका अंगाला एड्रियाटिक समुद्र, दुसऱ्या अंगाला आपेनाइन डोंगर. अँकोनाच्या मागे एझिनो नदीचं खोरं लागतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर तटबंदीची जुनी गावं आहेत. या मुलखाला कास्तेल्ली दी येझी म्हणतात. इथल्या वेर्दिक्क्योला १९६८ मध्ये डीओसी मिळालं, म्हणजे अमुक भागातली आणि अमुक नियमांनी केलेली वाइन असा कायदेशीर शिक्का. त्याच नदीने वर डोंगरात गेलं की मातेलिका लागतं. तिथल्या वेर्दिक्क्योला हा शिक्का एक वर्ष आधी, १९६७ मध्येच मिळाला होता. दोन्हीकडे किमान ८५ टक्के वेर्दिक्क्यो द्राक्ष असावं असा नियम आहे. मन लावून काम करणारे बहुतेक उत्पादक शंभर टक्के तेच वापरतात.

या द्राक्षाच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुढचं सगळं उलगडतं. पहिली आम्लता. हे द्राक्ष उशिरा पिकतं, तोडणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरात जाते, आणि पूर्ण पिकल्यावरही त्याचा आंबटपणा कमी होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे घोट गिळल्यावर मागे राहणारा किंचित कडवटपणा, कडू बदामाचा. नव्याने पिणाऱ्याला तो खटकतो. पण तोंडात तेल असेल, बडीशेप असेल, शिंपल्यांचा खारटपणा असेल, तर तोच कडवटपणा जीभ स्वच्छ करतो आणि पुढचा घास हवासा वाटतो. नुसती प्यायची वाइन म्हणून वेर्दिक्क्योला जोखलं तर तिची अर्धीच ओळख होते. तिला जेवण लागतं.

तिचं नाव मधल्या काळात थोडं उतरलं होतं, त्यामागे एका बाटलीची गोष्ट आहे. १९५३ मध्ये फात्सी बात्ताल्या या कंपनीने नव्या बाटलीसाठी स्पर्धा घेतली आणि आंतोनियो मायोक्की या वास्तुविशारदाची रचना निवडली. प्राचीन अँफोरा कुंभाच्या घाटाची, कमरेत बारीक, हिरव्या काचेची बाटली. ती जगभर गेली. वेर्दिक्क्यो घराघरांत पोचली ती तिच्यामुळेच, पण सुट्टीत समुद्रकाठी प्यायची हलकीफुलकी वाइन हा शिक्काही तेव्हाच बसला. गेल्या काही दशकांत उत्पादकांनी वेलीमागे द्राक्षं कमी घ्यायला सुरुवात केली, वाइन मुरवत ठेवली, आणि २०१० पासून कास्तेल्ली दी येझीच्या रिझेर्वाला, म्हणजे जास्त मुरवलेल्या वाइनला, डीओसीजी हा वरचा दर्जा आहे. तरी इटलीबाहेर तिची किंमत आणि कीर्ती तिच्या गुणांच्या मानाने अजून कमीच आहे, हे माझं ठाम मत.

आता जेवण. सुरुवात ब्रोदेत्तोपासून करायला हवी. ही मच्छीमारांची मिश्र माशांची कालवणासारखी डिश. अँकोनाच्या ब्रोदेत्तोत तेरा प्रकारचे मासे घालायची परंपरा आहे. माझ्या घरमालकीणबाई तो करतात तेव्हा मी शेजारी उभी असते. पसरट भांड्यात तेल, कांदा, टोमॅटो आणि व्हिनेगर. मग मासे, पण एकदम नाही. आधी शिजायला वेळ घेणारे माकुल, मग घट्ट मांसाचे मासे, आणि मऊ, पटकन सुटणारे मासे अगदी शेवटी. एकदा मासे पडले की चमचा घालायचा नाही. दोन्ही कान धरून भांडं हलवायचं, म्हणजे तुकडे अख्खे राहतात. खाली भाजलेला पाव आणि त्यावर रस्सा. त्या रश्शातलं व्हिनेगर नाकात जातं. त्याच्याबरोबर साधी, ओकच्या पिंपात न ठेवलेली, एक-दोन वर्षांची वेर्दिक्क्यो घ्यावी. रस्सा आंबट असूनही वाइन पाणचट होत नाही आणि व्हिनेगरचा धारदारपणाही खाली बसतो.

गंमत म्हणजे किनाऱ्याने पन्नासेक किलोमीटर इकडे तिकडे गेलं की ब्रोदेत्तो बदलतो. उत्तरेला फानोत टोमॅटोची घट्ट कॉन्सेर्वा घालतात. दक्षिणेला पोर्तो रेकानातीत टोमॅटोच नसतो, रानकेशराने रस्सा पिवळा होतो. आणखी खाली सान बेनेदेत्तो देल त्रोंतोत हिरवे टोमॅटो आणि ढोबळी मिरची. चारही ठिकाणी लोक आपलाच खरा म्हणून हिरीरीने सांगतात.

वेर्दिक्क्यो कुणी कशाबरोबर घेतली आहे, काय जमलं, काय नाही, ते जरूर लिहा. ससा, तळलेले ऑलिव्ह, स्तोक्काफिस्सो (वाळवलेला कॉड मासा) यांच्याबद्दल प्रतिसादांत लिहीनच.

---

मोहरी

सुरेख धागा. वाचनखूण साठवली.

एक शंका आहे. रस्सा व्हिनेगरचा, वर वाइनही आंबट. दोन्ही मिळून तोंड आंबून जात नाही का? मी तर आंबट पदार्थाबरोबर जरा गोडसर वाइन घ्यावी असं समजत होते.

---

अँकोनाकर

मोहरी, घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. कुठल्याही कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या, पांढऱ्या वाइनचा एक घोट घ्या. मग लिंबाची फोड जिभेला लावा आणि त्याच वाइनचा दुसरा घोट घ्या. दुसरा घोट पहिल्यापेक्षा कमी आंबट लागेल. म्हणून पदार्थ वाइनपेक्षा जास्त आंबट असला की वाइन मऊ पडते, बेचव होते. वाइनची आम्लता पदार्थाच्या बरोबरीची किंवा वरचढ असली की तिच्यातली फळाची चव शाबूत राहते. ब्रोदेत्तोपुढे अनेक पांढऱ्या वाइन हरतात त्या इथेच.

गोडसर वाइन तिखटाला बरी, आणि पदार्थच गोड असेल तर हवीच. नुसत्या आंबटपणासाठी तिची गरज नाही.

---

सरोवरकाठ

+१. मी वेरोनाजवळ राहतो, गार्दा सरोवर हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे सरोवराच्या दक्षिणेला लुगाना ही पांढरी वाइन होते. डीएनए तपासणीत वेर्दिक्क्यो आणि आमच्या व्हेनेतो प्रांतातलं त्रेब्बियानो दी सोआवे हे एकच द्राक्ष निघालं आहे, आणि लुगानाचं तुर्बियाना द्राक्ष त्याच घराण्यातलं. पंधराव्या शतकात रोगराईने ओस पडलेल्या मार्केत व्हेनेतोतून शेतकरी येऊन वसले आणि येताना वेल घेऊन आले, असं मानलं जातं.

पण चव वेगळी बरं का. लुगाना गोलाईदार, जिभेवर मऊ. तलावाच्या माशांबरोबर, लोण्यात परतलेल्या पर्चबरोबर आम्ही ती घेतो. व्हिनेगरपुढे ती उभी राहणार नाही असं मला वाटतं. एकाच द्राक्षाची दोन गावांत अशी दोन वळणं.

---

अँकोनाकर

सरोवरकाठ, छान भर. लोण्याचा मुद्दा पटला. मार्केत समुद्राच्या बाजूला लोणी जवळजवळ नाहीच, सगळं तेलावर चालतं, आणि या कडवटपणाशी तेलाचं फार जमतं. इथलं ताजं ऑलिव्ह तेल स्वतःच घशाशी जरा कडू लागतं.

---

शिनाणेप्रेमी

गोव्याहून. लिस्बनच्या एका दुकानात अँफोरावाली बाटली दिसली होती, ती याच वाइनची होती हे आज कळलं.

तिकडे शिंपल्यांचं काय करतात? आमच्याकडे शिनाणे म्हणजे जीव की प्राण. ओलं खोबरं घालून सुके करतो किंवा रवा लावून तळतो. यांच्याबरोबर वेर्दिक्क्यो कशी लागेल?

---

अँकोनाकर

शिनाणेप्रेमी, तुम्ही अगदी माझ्या आवडीच्या विषयाला हात घातलात. अँकोनाच्या दक्षिणेला मोंते कोनेरो हा डोंगर थेट समुद्रात उतरतो. त्याच्या पायथ्याशी पोर्तोनोवोच्या खडकांवर आपोआप वाढणारे शिनाणे मिळतात, त्यांना इथे मोशोली म्हणतात. दोऱ्यांवर वाढवलेले नव्हेत, पाणबुडे बुडी मारून हाताने खरवडून काढतात ते. स्लो फूड चळवळीने जपायच्या खाद्यपदार्थांमध्ये त्यांना जागा दिली आहे. कवच खडबडीत, त्यावर शेवाळ चिकटलेलं, आतला जीव नारिंगी आणि चवीला दणकट.

करायची रीत अगदी थोडक्यात. झाकण ठेवून शिंपले उघडेपर्यंत वाफवायचे, त्यांचं सुटलेलं खारट पाणी गाळून परत घालायचं. लसूण, पार्सली, मिरी, लिंबू, तेल. बस्स. याच्याबरोबरची वेर्दिक्क्यो हा माझ्या लेखी या अख्ख्या धाग्याचा गाभा आहे. समुद्राचा खारेपणा आणि वाइनमधला खनिज म्हणावा असा खारटसर शेवट एकमेकांना धरून चालतात.

तुमच्या दोन पाककृतींपैकी रवा लावून तळलेल्यांबरोबर ती उत्तम जमेल. तळणाला आंबटपणा हवाच असतो. खोबऱ्याच्या सुक्यांबद्दल मात्र मी जपून राहीन. ओल्या खोबऱ्याच्या गोडव्यापुढे वाइनचा कडवटपणा उगाच वर येतो, आणि मिरची जास्त असेल तर अल्कोहोलचा चटकाही वाढतो. एकदा खोबरं, मिरची बाजूला ठेवून मिरी-लिंबावर करून पाहा.

---

शिनाणेप्रेमी

पाहतो. आई म्हणेल खोबऱ्याशिवाय कसले शिनाणे. :) पण थोडे वेगळे काढून ठेवीन.

---

तुळस_आणि_पुदिना

आम्ही शाकाहारी आहोत, पण वाइन आवडीने घेतो. अशा धाग्यांवर आमच्यासाठी नेहमी एक ओळ असते: चीज खा. वेर्दिक्क्योच्या मुलखात शाकाहारी काहीच नाही का?

---

अँकोनाकर

आहे, आणि चांगलं भरगच्च आहे. समुद्रापासून आत गेलात की मार्के हा शेतकऱ्यांचा प्रांत आहे, आणि त्यांच्या जेवणात मांस सणासुदीलाच असायचं.

कास्तेल्ली दी येझीच्या हद्दीतच सेर्रा दे कोंती नावाचं गाव आहे. तिथे चिचेर्क्या नावाचं लहान, कोनाकोनांचं कडधान्य पिकतं. हरभरा आणि वाटाणा यांच्या मधली चव, थोडी कडसर. मधल्या काळात ते जवळजवळ नाहीसं झालं होतं, गावातल्या तरुण शेतकऱ्यांनी पुन्हा लावायला सुरुवात केली. त्याचं घट्ट सूप करतात, रोझमेरी आणि लसणाची फोडणी, वर कच्चं ऑलिव्ह तेल. त्याच्याबरोबर दोन-तीन वर्षं मुरलेली क्लासिको सुपेरिओरे (जुन्या, मूळ टापूतली, जास्त पिकलेल्या द्राक्षांची वेर्दिक्क्यो) घ्या. कडधान्याचा मातकटपणा आणि वाइनचा बदामी शेवट एकाच जातीचे आहेत.

वसंतात कोवळ्या बाकल्याच्या शेंगा सोलून कच्च्याच पेकोरिनो या मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर खातात, मीठसुद्धा लागत नाही. उर्बिनोची काशोत्ता ही मऊ, सौम्य चीज आणि तव्यावर भाजलेली क्रेशा नावाची पोळी हे दुपारचं खाणं. आणि आर्टिचोक. हे वाइनचं खास वैरी म्हणून ओळखलं जातं, त्यातल्या एका घटकामुळे त्यानंतरचा घोट गोडसर लागतो. मुळातच कोरड्या, कडसर वेर्दिक्क्योला तेवढा गोडवा सोसतो. तळलेल्या आर्टिचोकबरोबर मी दुसरं काही घेतच नाही.

---

झाडीपट्टी

चिचेर्क्याचा फोटो शोधून बघितला आणि उडालोच. ही तर आपली लाखोळी! भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे धानाच्या उभ्या बांधीत कापणीआधी फेकून पेरतात, ओलाव्यावर उगवून येते. खर्चच नाही. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचे वडे होतात.

या डाळीवर आपल्याकडे बरीच वर्षं विक्रीबंदी होती. दुष्काळात महिनोन् महिने तीच खाल्ली तर पायातली शक्ती जाते म्हणून. तिकडे लोक बिनधास्त खातात काय?

---

अँकोनाकर

झाडीपट्टी, हो, तीच. वनस्पतिशास्त्रात दोन्ही लॅथिरस सॅटायव्हस. तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला, कारण इथल्या लोकांना हे सांगितलं की त्यांचाही विश्वास बसत नाही.

इथेही ती जपूनच खातात. रात्रभर भिजत घालायची, पाणी ओतून द्यायचं, मग ताज्या पाण्यात शिजवायची. आणि ती रोजचं अन्न नाही, हिवाळ्यातली एखाद्या दिवशीची डिश आहे. त्रास होतो तो दुसरं काही मिळत नाही म्हणून फक्त तीच खावी लागली तर, हे तुम्ही लिहिलंच आहे. नोव्हेंबरात सेर्रा दे कोंतीत तिचा उत्सव भरतो. जुन्या तळघरांत पानं मांडतात आणि सगळीकडे वेर्दिक्क्योच असते.

---

झाडीपट्टी

वड्यांबरोबर जमेल का मग? लाखोळीचे वडे म्हणतोय. लसूण-जिरं घालून, मिरची बेताची.

---

अँकोनाकर

जमायलाच हवं. तळण, डाळ, लसूण, मिरची बेताची. कुणी केलं तर मला नक्की कळवा.

---

कामेरीनोचा_विद्यार्थी

धागाकर्ती अँकोनाच्या आहेत म्हणून येझीची बाजू घेणार हे ओघाने आलंच, पण मातेलिकाकडून कुणीतरी बोलायला हवं. मी कामेरीनो विद्यापीठात शिकायला होतो, मातेलिका तिथून जवळ.

मार्केतल्या बहुतेक नद्यांची खोरी डोंगरातून सरळ समुद्राकडे, पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. मातेलिकाचं खोरं उत्तर-दक्षिण आहे. दोन्ही बाजूंनी डोंगर, त्यामुळे समुद्राची उबदार हवा आत येत नाही. उन्हाळ्यात दिवस तापतात आणि रात्री स्वेटर लागतो. त्या थंड रात्रींमुळे द्राक्षातलं आम्ल टिकतं आणि तोडणी आणखी लांबते. वाइन येझीपेक्षा आखडलेली, टोकदार असते, तरुणपणी तर कधीकधी अबोलच. पण पाच-सात वर्षांनी उघडा. बडीशेप, वाळलेलं गवत, मेण, थोडासा मध असे वास येतात आणि आंबटपणा तसाच ताठ.

शिवाय मातेलिका हा पर्वताचा मुलूख आहे, तिथे माशांपेक्षा डुकराचं मांस जास्त. चाउस्कोलो नावाचं सलामी इतकं मऊ असतं की सुरीने पावावर फासता येतं. लसूण, मिरी, भरपूर चरबी. त्यावर मातेलिकाचा घोट घेतला की चरबी विरघळून गेल्यागत वाटते. पांढरी वाइन सलामीला चालत नाही म्हणणाऱ्यांना मी हेच खायला घालतो.

---

अँकोनाकर

चाउस्कोलोबद्दल शंभर टक्के सहमत. आणि टिकाऊपणात मातेलिकाचा हात धरणं अवघड, हेही मान्य.

येझीच्या बाजूने एवढंच म्हणेन की तिथे विविधता जास्त आहे. मुलूख कितीतरी मोठा, आणि नदीच्या दोन काठांवर दोन स्वभाव. डाव्या काठाला मोंतेकारोत्तो, सेर्रा दे कोंतीकडे वाइन भरदार, पिकल्या फळाची. उजव्या काठाला कुप्रामोंताना, स्ताफ्फोलो, आपिरोकडे गावं उंचावर, वाइन सडसडीत आणि आंबट. शिंपल्यांना उजवा काठ, सशाला डावा, असा माझा साधा हिशोब.

सशाचा विषय निघालाच आहे तर लिहून टाकते. पोर्केत्ता म्हटलं की बाकी इटलीत अख्खं डुक्कर डोळ्यांपुढे येतं. मार्केत *इन पोर्केत्ता* म्हणजे रानबडीशेप आणि लसूण घालून शिजवलेलं काहीही. ससा, बदक, समुद्री गोगलगायीसुद्धा. सशाच्या पोटात त्याचीच कलेजी, पँचेत्ता (डुकराच्या पोटाचं खारवलेलं मांस) आणि मूठभर बडीशेपेचा पाला भरतात, दोऱ्याने बांधतात आणि ओव्हनमध्ये भाजताना वरून वेर्दिक्क्यो शिंपडतात. घरभर तो वास. इथे मात्र तरुण वाइन तोकडी पडते. रिझेर्वा हवी. नियमाने ती किमान १८ महिने मुरलेली असते, त्यातले ६ महिने बाटलीत, आणि अल्कोहोल किमान १२.५ टक्के. मुरलेल्या वेर्दिक्क्योत बडीशेपेचा वास आपसूक येतोच, त्यामुळे ताटातली आणि पेल्यातली बडीशेप एकमेकींना ओळखतात.

विन्चिसग्रासीलाही रिझेर्वाच. हा थरांचा पास्ता लझान्यासारखा दिसतो, पण त्यातलं मांस खिम्याचं नसून हाताने चिरलेलं असतं आणि त्यात कोंबडीची कलेजी, पेटा असं सगळं पडतं. पुष्कळ लोक याच्याबरोबर लाल वाइन घेतात. मी घेत नाही. कलेजीच्या चवीवर टॅनिनवाली, तोंड आवळणारी लाल वाइन लोखंडासारखी लागते, मुरलेली पांढरी लागत नाही.

---

मोहरी

आणि ते तळलेले ऑलिव्ह? तुम्ही कबूल केलं होतं. :)

---

अँकोनाकर

आस्कोली पिचेनोचे. तिथलं ऑलिव्ह मोठं, मऊ, हिरवं. सुरीने बियेभोवती सलग गोल साल काढावी तसा गर सोडवायचा, त्या वळीत शिजवलेल्या मिश्र मांसाचं सारण दाबून पुन्हा ऑलिव्हचा आकार द्यायचा. मग मैदा, अंडं, पावचुरा, आणि तळण. लग्नाकार्याला घरातल्या बायका बसून शेकड्यांनी करतात. कागदाच्या पुड्यात गरम गरम मिळतात. आस्कोली पार दक्षिणेला, तिथे पेकोरिनो द्राक्षाची वाइन जास्त, पण वेर्दिक्क्योचा फसफसता स्पुमांते मिळाला तर या ऑलिव्हबरोबर तोच घ्यावा. खारट, तेलकट, कुरकुरीत, आणि वर बुडबुडे.

---

केळशीचा

सुक्या माशाबद्दल शीर्षकात वाचून आलो आणि वाट बघत बसलो. स्तोक्काफिस्सो कुठाय? आम्ही कोकणातले, सुक्या मासळीवर वाढलेले. खारवलेल्या बांगड्याबरोबर कुठलीच वाइन धड लागत नाही असा आमचा अनुभव.

---

अँकोनाकर

केळशीचा, आता तोच लिहिते, आणि सविस्तर लिहिते.

स्तोक्काफिस्सो म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला लोफोतेन बेटांवर लाकडी मांडवांवर वाळत घातलेला कॉड. मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवलेला. लाकडासारखा कडक. खारवलेला बाक्कला वेगळा. समोरच्या समुद्रात एवढी मासळी असताना अँकोनाच्या लोकांनी उत्तर ध्रुववृत्तापलीकडचा मासा आपला मानला, कारण हे बंदर आहे. जहाजांनी आलेला माल टिकाऊ, स्वस्त, आणि उपवासाच्या शुक्रवारी चालणारा. आज तो स्वस्त राहिलेला नाही. त्याच्या पाककृतीची राखण करायला शहरात एक अकादमीसुद्धा आहे.

मासा कित्येक दिवस पाणी बदलत भिजवतात. मग खोलगट भांड्याच्या तळाला बोरूच्या काड्या आडव्या पसरतात, म्हणजे मासा तळाला लागत नाही, कारण पुढे तो हलवायचाच नाही. काड्यांवर माशाचे तुकडे, कांदा, गाजर, सेलरी, टोमॅटो, रोझमेरी. सगळ्यात वर बटाट्याच्या जाड फोडी, त्या माशाचा रस पितात. मग तेल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं बाटली हातातून निसटली की काय, इतकं तेल. आणि वेर्दिक्क्यो, तीही मोजूनमापून नव्हे. मंद आचेवर दोन तासांहून जास्त. उतरवल्यावर लगेच वाढत नाहीत, मुरू देतात. बटाट्यावर तांबूस कड आलेली असते आणि मासा काट्याने दाबला की मोठ्या पाकळ्यांत सुटतो.

याच्यासोबत मी चार-पाच वर्षांची क्लासिको सुपेरिओरे किंवा रिझेर्वा घेते. तरुण वाइन तेल कापते खरी, पण सुक्या माशाचा तो उग्र, खोल वास तिला झेपत नाही. मुरलेल्या वाइनच्या अंगात तेवढी जाडी असते.

तुमच्या खाऱ्या बांगड्याबद्दल: मिठाचा जोर, वर तेलकट मासा, आणि बहुधा सोबत मिरची. तिथे वाइनला दोष देण्यात अर्थ नाही. पण मिठाशिवाय वाळवलेली मासळी, म्हणजे चांगले सुके बोंबील, बटाटा-टोमॅटो घालून, तेल सढळ आणि तिखट अगदी बेताचं असं करून पाहिलंत तर मुरलेली वेर्दिक्क्यो बरोबर घ्यायला हरकत नाही.

---

केळशीचा

बोंबील-बटाटा आमच्या घरचाच आहे. बोरूच्या काड्यांची युक्ती मात्र उचलतो. आमचा रस्सा तळाला धरतो तो धरतोच.

---

पुण्याचा_पेला

थोडे व्यवहाराचे प्रश्न. १) किती थंड करून प्यायची? २) भारतात आयात वाइन महाग पडते, तेव्हा एकच बाटली आणायची तर कुठली? ३) ऑक्टोबरात आम्ही उभयता इटलीत आहोत, रोमहून मार्केला यावं का?

---

अँकोनाकर

पुण्याचा_पेला, तरुण वाइन १० ते १२ अंश. रिझेर्वा जरा कमी गार, १२ ते १४, आणि मोठ्या पेल्यात. फ्रिजमधून काढून लगेच ओतली की बदाम आणि बडीशेप दोन्ही गायब होतात, हाती फक्त आंबटपणा येतो. पुण्यात उन्हाळ्यात ती पेल्यात झपाट्याने तापेल, म्हणून थोडी थोडी ओता.

एकच बाटली असेल तर लेबलावर *क्लासिको सुपेरिओरे* बघा आणि अलीकडचं वर्ष घ्या. क्लासिको म्हणजे जुन्या, मूळ टापूतली. सुपेरिओरे म्हणजे जास्त पिकलेल्या द्राक्षांची, किमान १२ टक्के अल्कोहोलची. ती मासे, डाळ, तळण, चीज सगळीकडे चालते. नेण्या-आणण्यात उष्णता लागली असेल अशी शंका आली तर दुकानदाराला माल कुठे ठेवला होता ते खुशाल विचारा.

ऑक्टोबरात तर याच. कुप्रामोंतानात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या सुमारास द्राक्षांचा उत्सव भरतो, १९२८ पासूनचा. सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक, गल्लीबोळांत खाणं आणि वेर्दिक्क्यो. त्याच गावात वाइनच्या लेबलांचं संग्रहालय आहे, तेही बघा. रोम-अँकोना रेल्वे एझिनोच्या खोऱ्यातूनच येते, त्यामुळे येझीला गाडीने थेट उतरता येतं. मातेलिकाला जायचं तर फाब्रियानोला गाडी बदला. टेकडीवरच्या गावांना मात्र मोटार लागते आणि बस फार कमी, म्हणून चालवणारा एक आणि पिणारा एक असं आधीच ठरवून घ्या.

---

कामेरीनोचा_विद्यार्थी

मातेलिकाला गेलात तर उत्पादकांना आधी फोन करा. तोडणीचे दिवस असतात, सगळे बागेत. दुपारनंतर गेलं की भेटतात, आणि कुणाकडे जुनं वर्ष शिल्लक असेल तर विचारा, नवीन वर्षाच्या शेजारी ठेवून चाखायला देतात.

---

पुण्याचा_पेला

दोघांचेही आभार. बायको गाडी चालवणार, मी शेवटच्या दिवशी चालवणार, असं ठरलंय. स्तोक्काफिस्सो खायला अँकोनात आधी सांगावं लागतं का?

---

अँकोनाकर

हो, एक दिवस आधी सांगा. भिजवलेला मासा असला तरी शिजवायला वेळ लागतो, आणि बऱ्याच त्रात्तोरिया, म्हणजे साध्या खाणावळी, तो ठरावीक वारीच करतात, बहुधा शुक्रवारी. सोमवारी पुष्कळ ठिकाणं बंद असतात, तेवढं बघून दिवस ठरवा.